गॅरेजचे कोटेशन : शेवटच्या आकड्याआधी माप आणि जाडी पाहा

दुकान किंवा कारखाना सांभाळणाऱ्या माणसाला घराशेजारी एक गॅरेज बांधावे असे कधी ना कधी वाटतेच. मालाचा छोटा टेम्पो उन्हापावसात उभा राहतो. बॅटरी चोरीला जाते, ताडपत्री फाटते, पावसाळ्यात पत्रा गंजतो. टेम्पो कर्जाऊ असेल तर हप्ता भरावा लागतोच आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. म्हणून घराच्या बाजूची मोकळी जागा मोजली जाते आणि दोन-तीन ठेकेदारांना बोलावणे जाते. खरी अडचण इथून पुढे सुरू होते. तीन ठेकेदार तीन कागद देतात. एकात चौरस फुटाचा दर असतो, दुसऱ्यात किलोचा आणि तिसऱ्यात फक्त एक ठोक रक्कम. घरातले सारे खालचा आकडा पाहतात आणि सर्वांत कमी आकड्याला काम देऊन मोकळे होतात.

आमचे सांगणे एवढेच आहे की हे तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे नसतातच. आधी त्यांना एका मापावर आणावे लागते. हे काम अवघड नाही. बाजारात रोज माल घेणारा व्यापारी ताग्याचा पन्हा न विचारता मीटरचा भाव कधी ठरवत नाही. बांधकामातही तोच रिवाज पाळायचा आहे.

आधी आपली यादी, मग ठेकेदार

ठेकेदाराला जागेवर बोलावून "गॅरेज बांधायचे आहे, किती होईल?" असे विचारणे ही पहिली चूक. प्रत्येक जण आपल्या मनातले गॅरेज मोजतो. त्याऐवजी एका कागदावर आपली गरज लिहावी आणि त्याच कागदाची प्रत तिघांनाही द्यावी.

उदाहरणासाठी आपण १२ फूट रुंद आणि २० फूट लांब गॅरेज धरू. म्हणजे जमीन २४० चौरस फूट. छोटा टेम्पो किंवा पिकअप त्यात उभा राहतो आणि मागे हत्यारांचे एक टेबल मावते. दर्शनी बाजूला ९ फुटांचे शटर. छप्पर उतरते पत्र्याचे, चारही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर काढलेले. म्हणजे छप्पर १५ बाय २३ फूट झाले आणि उतार धरून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस फूट भरते. हे दोन आकडे, जमीन २४० आणि छप्पर ३६०, वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

परवानगीचा प्रश्नही याच वेळी सोडवावा. "गॅरेजला परवानगी लागत नाही" असे ठेकेदार छातीठोकपणे सांगतात. पण नोटीस आली तर ती मालकाच्या नावाने येते, ठेकेदाराच्या नव्हे. घराच्या कडेने किती जागा मोकळी सोडायची, हे ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत विचारून लेखी घ्यावे. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचे नियमही लागू होतात.

सांगाडा कोणता निवडावा?

आपल्याकडे घरगुती गॅरेजसाठी साधारणपणे चार प्रकारचे सांगाडे उभे राहतात. त्यांतला एकच सर्वांत चांगला, असे नाही. निवड करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. जमीन एकट्याची आहे की सामायिक? पुढे वर खोली चढवायची आहे का? आणि जागा खाऱ्या वाऱ्यात आहे का?

पहिला प्रकार भाररोधक भिंतींचा, म्हणजे छपराचा सारा भार भिंतींनीच पेलायचा. कोकणात जांभ्याचा चिरा, घाटावर वीट. घराला शोभून दिसते, चोराला सहज फोडता येत नाही आणि गावातला गवंडी काम करू शकतो. मात्र दर्शनी भिंत १२ फुटांची आणि शटर ९ फुटांचे असले, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूटच भिंत उरते. तेवढ्या भिंतीवर शटरचे ओझे आणि धक्के टाकू नयेत. तिथे सिमेंट-काँक्रीटचे दोन खांब आणि वर तुळई हवी. कोटेशनमध्ये ती आहे का, ते पाहावे. चिऱ्याचा दर नगावर असतो, पण चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते. दर्शनी बाजू १४ बाय ७ इंच असेल तर शंभर चौरस फूट भिंतीला, सांधे सोडून, सुमारे १४७ चिरे लागतात. तीच बाजू १३ बाय साडेसहा इंच असेल तर १७० लागतात. नगामागे चार रुपये स्वस्त मिळालेला चिरा असा महाग पडू शकतो. सिमेंट आणि मजुरीही वाढते, ती वेगळीच.

दुसरा प्रकार आरसीसीचा, म्हणजे काँक्रीटचे खांब, तुळया आणि वर स्लॅब. पुढे वर मुलासाठी खोली किंवा मालाचे गोदाम काढायचे असेल तर हाच मार्ग. पण तो बेत पायाच्या वेळीच इंजिनिअरला सांगितला पाहिजे. एका मजल्यापुरत्या पायावर दुसरा मजला नंतर चढवता येत नाही. स्लॅबचा हिशेब सोपा आहे. २४० चौरस फूट आणि ५ इंच जाडी म्हणजे बरोबर १०० घनफूट, अर्थात एक ब्रास काँक्रीट. ते एम-२० प्रतीचे, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे असेल, तर ५० किलोच्या सुमारे २३ गोण्या लागतात. कुणी एवढ्याच स्लॅबला १५ गोण्या लिहिल्या असतील तर कारण विचारावे. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे आरसीसीसाठी एम-२० ही किमान प्रत आहे आणि किनाऱ्यावर त्याहून वरची लागते. खांबातल्या उभ्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. हे आवरण कमी पडले की खारी हवा आत शिरते, सळई फुगते आणि काही वर्षांत खांबाला उभी चीर पडते.

तिसरा प्रकार लोखंडी सांगाड्याचा. पाइप किंवा चॅनलचे खांब, त्यावर कैच्या, आडव्या पर्लिन आणि पत्रा. काम लवकर उरकते. मोठा फायदा असा की नट-बोल्टने जोडलेला सांगाडा उद्या सोडवून दुसरीकडे नेता येतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील आणि वाटणी व्हायची असेल, तर सामायिक जमिनीवर पक्का स्लॅब ओतण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा. पैसा जमिनीत अडकत नाही आणि भावाभावांत तंटा वाढत नाही. उणीव गंजाची. पाइपाची तोंडे पत्रा लावून बंद केलेली नसतील तर पाणी आत जाऊन पाइप आतून कुजतो आणि बाहेरून रंग चांगला दिसत राहतो.

चौथा प्रकार लाकडाचा. कोकणातल्या जुन्या घरांत ऐन, किंजळ, सागवान यांचे वासे आणि तुळया आजही ठणठणीत आहेत. जुने घर उतरवताना असे लाकूड निघाले असेल तर ते जरूर वापरावे. नवे सागवान विकत घेऊन गॅरेज बांधणे मात्र परवडत नाही. जमिनीत गाडलेल्या खांबाला वाळवी लागते, म्हणून लाकडी खांब दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभा करावा.

बहुतेकांना सोयीचा पडतो तो पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांचा मेळ. खांब आणि कैच्या लोखंडी, मधल्या भिंती चिऱ्याच्या किंवा विटेच्या. छपराचा भार लोखंडावर जातो आणि भिंत केवळ आडोसा होते.

वारा किती टनांचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत पत्रे आणि कौले उडाली ती अनेकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. म्हणून पत्र्याच्या गॅरेजमध्ये वजनापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो.

वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने चौरस फुटाला ११ किलो पडतो. आपले छप्पर ३६० चौरस फुटांचे आहे. म्हणजे जवळजवळ चार टन. शटर उघडे असेल तर आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा वर ओढतो. आता वजन पाहा. अर्धा मिलिमीटर जाडीचे सारे पत्रे मिळून दीडशे किलो आणि सांगाडा साडेपाचशे किलो. दोन्ही मिळून ७०० किलो. चार टनांपुढे हे वजन काहीच नाही. बाकीचा भार पायाने धरून ठेवायचा असतो.

आपल्या सांगाड्याला सहा खांब आहेत. प्रत्येक खांबाखाली २ बाय २ बाय २ फुटांचा काँक्रीटचा ठोकळा असेल तर एका ठोकळ्याचे वजन सुमारे साडेपाचशे किलो आणि सहांचे सव्वातीन टन होते. १ बाय १ बाय दीड फुटाचे खड्डे घेऊन खांब त्यात रोवले तर सहांचे मिळून सहाशे किलोच होतात. मातीची पकड थोडी असते, पण पावसाळ्यात भिजलेल्या मातीवर किती विसंबायचे? हा हिशेब ढोबळ आहे. अखेरचे माप इंजिनिअरकडूनच घ्यावे. पण दोन कोटेशनमध्ये दहा-बारा हजारांचा फरक कुठून आला, हे पायाचा खड्डा विचारला की बऱ्याचदा कळते.

पाया चांगला असला तरी मधली साखळी तुटता कामा नये. खांबाखाली जाड प्लेट आणि काँक्रीटमध्ये बसवलेले अँकर बोल्ट, खांब आणि कैची यांचा पूर्ण वेल्डिंगचा किंवा बोल्टचा जोड, पर्लिनला पत्रा धरणारे जे-बोल्ट किंवा स्क्रू वॉशरसह, आणि दोन खांबांमध्ये तिरके ताण. जोडावर नुसते टाके मारून वर रंग फासलेला असेल तर वारा तिथेच घुसतो. चिऱ्याच्या भिंतीवर थेट छप्पर टेकवले असेल तर वासे भिंतीत खोल गाडलेल्या लोखंडी पट्टीने बांधून घ्यावेत.

तीन कोटेशन, तीन मापे

समजा, म्हसळ्याच्या एका व्यापाऱ्याला याच गॅरेजच्या लोखंडी सांगाड्यासाठी तीन कोटेशन मिळाली. पुढचे दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. खरे दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात.

पहिला म्हणतो, चौरस फुटाला ४०० रुपये. दुसरा म्हणतो, ३०० रुपये. दुसरा स्वस्त वाटतो. पण पहिल्याने जमिनीचे माप धरले आहे : २४० गुणिले ४०० म्हणजे ९६ हजार. दुसऱ्याने छपराचे माप धरले आहे : ३६० गुणिले ३०० म्हणजे १ लाख ८ हजार. दर पाऊणपट आणि काम बारा हजारांनी महाग. "चौरस फूट कशाचे?" हा एक प्रश्न विचारला असता तर हे लगेच उघड झाले असते.

तिसरा म्हणतो, किलोला १२० रुपये, पत्रा वेगळा. वजन लिहिलेले नाही. साडेपाचशे किलो लागले तर सांगाड्याचे ६६ हजार, सातशे लागले तर ८४ हजार. किलोच्या दरात ठेकेदाराला जड माल घालणे फायद्याचे असते आणि फुटाच्या दरात हलका माल घालणे. व्यापारी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. म्हणून किलोचा दर असेल तर कमाल वजन लिहून घ्यावे आणि माल वजनकाट्यावरून येताना पावती घ्यावी. फुटाचा दर असेल तर किमान जाडी लिहून घ्यावी.

जाडीचा खेळ डोळ्यांना दिसत नाही. ८० बाय ८० मिलिमीटरचा चौकोनी पाइप ४ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला सुमारे सव्वानऊ किलो भरतो. २ मिलिमीटरचा असेल तर पाच किलोच्याही आत. बाहेरून दोन्ही एकसारखे. सहा खांबांना मिळून २० मीटर पाइप धरला तर नव्वद किलोच्या आसपास लोखंड कमी होते. १२० च्या दराने ते साडेदहा हजारांचे झाले. एका कोटेशनची "स्वस्ताई" एवढ्यातच संपते. पाइप कापताना तोंडाशी व्हर्नियर लावून पाहिला की खरे-खोटे कळते.

पत्र्याचेही तेच. ०.५० मिलिमीटर ही जाडी जस्त आणि रंग धरून आहे की मूळ पोलादाची? बाजारात पहिलीला टीसीटी आणि दुसरीला बीएमटी म्हणतात. दोन्ही सारख्या नव्हेत. जस्ताचा थरही विचारावा. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा किनाऱ्यावर सारखा टिकत नाही. शटरच्या पट्ट्या १८ गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर. शटरचे माप वरच्या गुंडाळीसह धरले आहे की नुसत्या दरवाजाचे, हेही लिहून घ्यावे.

आरसीसीच्या कामात सळईचे वजन घरबसल्या काढता येते. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागावे, म्हणजे मीटरला किलो मिळतात. १२ मिलिमीटरला ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे १०.७ किलो. ट्रकमधून उतरलेल्या सळया मोजल्या की बिलातले वजन ताडून पाहता येते.

कागदावर जे लिहिलेले नसते

भांडणे बहुधा न लिहिलेल्या बाबींवरून होतात. खोदाई कोण करणार आणि खडक लागला तर? माल वाहून आणणे, हमाली, परांची, पाणी, वीज आणि शेवटी राडारोडा उचलणे कोणाकडे? जमिनीचा कोबा धरला आहे का, त्याखाली सोलिंग किती आणि पाणी बाहेर जायला शटरकडे उतार आहे का? रेड ऑक्साइडचा एक हात की दोन, त्यावर रंग किती हात? अशा बाबी एका कोटेशनमध्ये असतात, दुसऱ्यात नसतात. नसलेल्या बाबींची अंदाजी रक्कम आपणच त्यात मिळवावी आणि मग बेरजा ताडून पाहाव्यात.

जीएसटीचा खुलासा पहिल्याच दिवशी करून घ्यावा. साहित्यासह घेतलेल्या ठेक्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे लाखाचे काम १ लाख १८ हजारांचे होते. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर आकारता येत नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कुणी जुन्या दराचा कागद पुढे केला तर तो बदलून घ्यावा. "दुकानाच्या नावाने बिल घ्या, कर परत मिळेल" असेही सांगितले जाते. स्वतःसाठी उभारलेल्या स्थावर बांधकामावरील कराची वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही, हे व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत, तारखेने नव्हे. थोडी आगाऊ रक्कम, पाया भरल्यावर काही, खांब आणि कैच्या उभ्या राहिल्यावर काही, छप्पर झाल्यावर काही. शेवटचे दहा टक्के एक मोठा पाऊस पाहून द्यावेत. ही अट सुरुवातीलाच लिहिलेली असली की मागाहून कटुता येत नाही. स्लॅब असेल तर त्यावर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदात यावे.

कारागीर बांधवांना दोन शब्द

आमच्या वाचकांत फॅब्रिकेटर, वेल्डर आणि गवंडीही पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार रास्त आहे. ४ मिलिमीटरचा पाइप धरून, दोन फुटांचा पाया धरून जो प्रामाणिक दर देतो, त्याचा कागद मागे पडतो आणि नुसता आकडा लिहिणारा काम घेऊन जातो. यावर उपाय कारागिराच्याच हाती आहे. कोटेशनमध्ये पाइपाचे माप, जाडी, मीटरचे वजन, पायाचा खड्डा, पत्र्याची जाडी आणि जस्त, रंगाचे हात हे सारे लिहावे. जे काम दरात धरलेले नाही त्याची वेगळी यादी खाली द्यावी. दर किती दिवस कायम राहील तेही लिहावे, कारण लोखंडाचा भाव चढला की तोच वादाचा विषय होतो. असा कागद हाती आला की गिऱ्हाईक दुसऱ्याला विचारते, "तुमचा पाइप किती जाडीचा?" आणि मग दोघांची तुलना खऱ्या मापावर होते.

गिऱ्हाइकानेही एवढे करावे. दर घासण्यापूर्वी तिन्ही कागद समोर ठेवून आडव्या रेघा माराव्यात आणि प्रत्येक बाबीपुढे तिघांचे माप लिहावे. जिथे माप नाही तिथे रिकामी जागा दिसेल. त्या रिकाम्या जागा ठेकेदाराकडून भरून घ्याव्यात आणि मगच खालची बेरीज पाहावी. तरीही ज्याची बेरीज कमी आली, त्याला काम द्यायला हरकत नाही.